ना वल्हं, ना पाऊल

मी आर्वीचा माणूस. वर्धा जिल्ह्यातल्या या गावात मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं. तेव्हा आज मी बर्फावर बोलणार आहे, हे ऐकून आमच्या चौकातल्या मंडळींना हसू आलं असेल. आमच्याकडे बर्फ म्हणजे कारखान्यातली लादी, लाकडाच्या भुशात ठेवलेली आणि गोणपाटात गुंडाळलेली. लग्नसराईत ती सरबतात पडते. एरवी ती दिसते कुणाच्या घरी मयत झाली आणि पुण्या-मुंबईचा मुलगा पोचायचा असला की. आभाळातून येणारा बर्फ आम्हाला ठाऊक आहे तो गारांचा. तो पाच मिनिटांत गहू, हरभरा आणि संत्र्याचा बहार झोडपून जातो, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी प्रेमानं बोलत नाही.

विषय सुचला तो एका फोनमुळे. आमच्या गल्लीतल्या मित्राची मुलगी नोकरीसाठी फिनलंडमध्ये असते. तिथल्या किनाऱ्यालगत समुद्रात हजारो लहान-मोठी बेटं आहेत आणि त्यांतल्या कित्येकांवर माणसं राहतात. एकदा ती म्हणाली, "काका, तुम्ही कविता करता म्हणून सांगते. इथं एक शब्द आहे, केलिरिक्को. बर्फ इतका पातळ असतो की त्यावरून चालता येत नाही, आणि इतका जाड असतो की त्यातून होडी जात नाही. त्या दिवसांना केलिरिक्को म्हणतात. तेव्हा बेटावरचा माणूस बेटावरच." मी विचारलं, "मग करतात काय?" ती म्हणाली, "काही नाही. थांबतात."

शब्द माझ्यासाठी नवा होता, पण ती अवस्था अगदी ओळखीची वाटली. ती का ओळखीची, ते सांगण्याआधी तिकडचा बर्फ थोडा समजून घेऊ.

बाल्टिक समुद्राचं पाणी आपल्या अरबी समुद्राइतकं खारट नाही. अनेक नद्या त्यात गोडं पाणी ओततात आणि महासागराशी त्याचा संबंध अरुंद वाटेनंच येतो. मीठ कमी म्हणून तो लवकर गोठतो. आपल्या मनात असतं की समुद्र गोठला म्हणजे बेटं तुटली. घडतं ते बरेचदा उलट. उन्हाळ्यात बेट हे बेट असतं, जायला होडी लागते. कडक हिवाळ्यात समुद्राचं मैदान होतं आणि शेजारच्या बेटावरची आत्या सायकलवरून भेटायला येऊ शकते. एस्टोनियात हिउमा नावाचं मोठं बेट आहे. हिवाळा पुरेसा कडक असला की मुख्य भूमीपासून तिथपर्यंत बर्फावरून सुमारे 25 किलोमीटरचा रस्ता सरकारी खातंच आखतं. वाहनाच्या वजनाला मर्यादा असते, दोन गाड्यांत मोठं अंतर ठेवायचं असतं आणि सूर्य मावळला की रस्ता बंद.

या रस्त्याचे दोन नियम मला फार आवडले. पहिला, सीटबेल्ट लावायचा नाही. बर्फ फुटला तर गाडीतून क्षणात बाहेर पडता आलं पाहिजे. दुसरा नियम वेगाचा. गाडी ताशी 25 किलोमीटरच्या आत चालवा किंवा 40 च्या वर, मधल्या वेगानं चालवू नका. कारण असं की बर्फाच्या पत्र्याखाली पाणी आहे. गाडी चालली की तिच्या वजनानं पत्रा किंचित वाकतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. गाडीचा आणि लाटेचा वेग जुळला की लाट वाढत जाते आणि वरचा बर्फ तडकतो. म्हणजे सावकाश जाणारा वाचतो, वेगानं जाणारा वाचतो, मधला अडचणीत येतो.

अमेरिकेत सुपीरियर सरोवरात मॅडेलिन नावाचं बेट आहे. तिथं बर्फाचा रस्ता दाखवायला नाताळ संपल्यावर टाकून दिलेली झाडं रांगेनं रोवतात. बर्फ धड धरलेला नसतो त्या दिवसांत मागे मोठा पंखा बसवलेल्या, बर्फावरून घसरणाऱ्या गाडीतून मुलांना पलीकडच्या शाळेत पोचवतात. फार लांबही जायला नको. आपल्याच लडाखमध्ये झांस्कर नदी हिवाळ्यात गोठते, तिला 'चादर' म्हणतात. खिंडी हिमानं बुजल्या की पिढ्यानपिढ्या झांस्करच्या लोकांना बाहेर पडायची वाट तीच होती. बाप मुलांना घेऊन त्या गोठलेल्या नदीवरून दिवसचे दिवस चालत लेहच्या शाळेपर्यंत जायचे, पुढं काठीनं बर्फ ठोकत, आवाज ऐकत. मार्च 2024 मध्ये निम्मू-पदुम-दारचा रस्त्यानं ते खोरं जोडलं गेलं. आता चादरीवर गिर्यारोहणाच्या हौसेनं जाणारी मंडळी जास्त, त्यात आपली मराठी पोरंही बरीच.

तर या सगळ्या मुलखांत बर्फाचे तीन काळ असतात. पाण्याचा काळ, पक्क्या बर्फाचा काळ, आणि मधला, ना धड हा ना धड तो. पहिले दोन माणसाला कळतात. जीव घेतो तो तिसरा. दहा सेंटीमीटर स्वच्छ, घट्ट बर्फ एका माणसाला पेलतो, मोटारीला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो. पण बर्फ सगळीकडे सारखा नसतो. खाली प्रवाह असला, वर हिमाची गोधडी पडली, की वितभर अंतरावर तो निम्मा असू शकतो. तिथली जाणती माणसं गळ्यात दोन टोकदार खिळे अडकवून निघतात, पाण्यात पडलो तर बर्फाच्या काठात खुपसून वर यायला.

आता आपल्याकडे येतो.

माझं आजोळ आर्वीपासून सात-आठ मैलांवरचं खेडं. मधे एक नाला, वर्धा नदीला मिळणारा. नकाशात तो शोधूनही सापडणार नाही. उन्हाळ्यात आम्ही पोरं त्याच्या वाळूत झिरे खोदायचो. मृग लागला आणि दोन जोराचे पाऊस झाले की ते गाव बेट व्हायचं. पुढून नाला, मागून काळी जमीन.

काळ्या जमिनीची महती ज्यांनी ती तुडवली त्यांनाच कळेल. या मातीतला चिकणा अंश पाणी पिऊन फुगतो आणि उन्हात आकसतो. म्हणून वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात तीच माती पायाला शेर-शेर चिकटते. चार पावलांत चप्पल तळहातभर जाड होते, दहा पावलांत हातात येते. बंडीचं चाक आखापर्यंत रुतलं की बैल गुडघे टेकतात. पांधणीचा रस्ता असतो, पण तो आठ महिन्यांचा. पावसाळ्यात तिथं ना बंडी चालते ना सायकल, आणि होडी चालवावी एवढं पाणी नसतं. हा आमचा केलिरिक्को. त्याला आमच्याकडे वेगळा शब्द नाही. आम्ही फक्त म्हणतो, "झड लागली."

झड म्हणजे धो-धो पाऊस नव्हे. दोन, तीन, चार दिवस एका लयीत गळत राहणारं आभाळ. सूर्य नाही, वाळलेलं लाकूड नाही, भिंतींना ओल. नानीचं घर झडीसाठी उन्हाळाभर तयारी करत असे. तुरीच्या तुराट्या आणि पऱ्हाट्या पडवीत छपरापर्यंत रचलेल्या. गोवऱ्यांचा उडवा शाकारलेला. कणगीत ज्वारी, मडक्यात मुंगवड्या, डब्यात सरगुंडे आणि कुरड्या. मीठ, रॉकेल, चहापत्ती, काडेपेट्या आधीच आणून ठेवलेल्या. आमचे सण चांद्रमासाचे. रमजान कधी थंडीत येतो, कधी उन्हाळ्यात, त्यावरून पावसाचा अंदाज बांधता येत नाही. म्हणून नमाजाच्या वेळा काटेकोर पाळणारी माझी नानी पावसाचा हिशेब मात्र मृग, आर्द्रा, पुष्य, मघा असा नक्षत्रांवर करायची, आणि यंदा वाहन बेडूक आहे की कोल्हा ते शेजारच्या पाटलीणबाईंना विचारून घ्यायची.

अशा दिवसांत माणसाच्या मनाचं काय होतं? पहिल्या दिवशी बरं वाटतं. काम नाही, भाजलेले दाणे आहेत, गोष्टी आहेत. दुसऱ्या दिवशी गोष्टी संपतात. तिसऱ्या दिवशी भावाभावांत जुन्या बांधाची भांडणं उकरून निघतात, गुरं दावणीला हंबरतात, म्हाताऱ्यांचे सांधे आणि सुनांच्या कपाळावरच्या शिरा एकदमच दुखू लागतात. आणि तरी त्याच घरात, लाकूड ओलं झालं म्हणून दोन घरांची चूल एकत्र पेटते. मी शहरातल्या फ्लॅटमध्येही राहून पाहिलं आहे. बाहेर जाता येतं, म्हणून तिथं कुणी कुणाकडे जात नाही. हा माझा अनुभव, तुमचा वेगळा असेल.

पण झडीचं फार गोड वर्णन करणं मला जमत नाही. त्याचं कारण आहे.

1980 चं साल. मी दहा वर्षांचा. श्रावणातली झड लागली होती. सकाळी एक गुराखी सायकल ढकलत आमच्या दारात आला. पलीकडच्या काठावरून मामूंनी ओरडून त्याला निरोप दिला होता. फजरच्या वेळी नानी गेली.

अब्बा, अम्मी, मी आणि मशिदीतले मौलवीसाहेब निघालो. आजोळच्या गावात मुसलमानांची घरं तीनच, जनाज्याची नमाज पढवायला मौलवीसाहेब आर्वीहूनच जात. बंडी अर्ध्या वाटेत रुतली. पुढं पायी. अम्मीनं चपला हातात घेतल्या, मग त्याही एका धुऱ्यावर टाकून दिल्या. नाल्यावर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. नाला दोन्ही काठ भरून चालला होता, तांबूस-काळा, मधोमध एक बाभूळ मुळासकट वाहत होती. पलीकडे मामू उभे. अंतर किती? आज मोजलं तर पन्नास पावलं भरेल. त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

गावच्या उतारावर पाण्याचा अंदाज घेणारा एक म्हातारा असायचा. तो आमच्या काठावर होता. अब्बांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "नाही जमत जी चाचा आज. पाणी उतरून नाही राह्यलं. मी तुम्हाले नेईन, पण आणून नाही देणार."

आमच्यात मयताला थांबवत नाहीत, लवकरात लवकर दफन करायचं असतं. आणि थांबवायचं म्हटलं तरी त्या गावात बर्फाची लादी कुठून येणार? तिथं वीजसुद्धा नव्हती. अस्रची वेळ होईतो मामूंनी वाट पाहिली. मग त्यांनी एक पांढरं फडकं हलवलं, ते अब्बांना कळलं. अब्बांनीही हात वर केला.

कब्रस्तान नाल्याच्या अंगच्या उंचवट्यावर होतं, आम्हाला समोर दिसत होतं. थोड्या वेळानं जनाजा निघाला. वर मेणकापड टाकलेलं. खांदा देणारे चाळीस-पन्नास लोक, तीन घरांचे पुरुष असे किती असणार, बाकी सगळे गावचे शेतकरी, डोक्यावरून घोंगडी घेतलेले. नमाज मामूंनी स्वतः पढवली. मौलवीसाहेब आमच्या शेजारी भिजत उभे होते. ते काही बोलले नाहीत. सगळं झाल्यावर त्यांनी हात उचलून दुआ मागितली, आम्हीही मागितली.

अम्मी सबंध वेळ बघत होती. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. नाल्याला पूर नसता तर ती घरात असती, नानीचा चेहरा तिनं पाहिला असता, आणि मिट्टी पाहिली नसती. पुढं कित्येक वर्षांनी ती एकदाच यावर बोलली. "नाले ने मां का मुंह नहीं देखने दिया, मिट्टी दिखा दी." एवढंच. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा आम्ही पलीकडे गेलो.

मोठा झाल्यावर मी त्या म्हाताऱ्याच्या वाक्याचा विचार केला. भरल्या पुरात तो कधी कुणाला उतरू देत नसे, पण त्याला खरी धास्ती असायची ती पाणी उतरू लागल्यावरची. तेव्हाच लोकांचा धीर सुटतो. घर दिसत असतं, पाणी गुडघ्याएवढं वाटतं. वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट. गुडघ्याएवढ्या वेगवान पाण्यात धट्टाकट्टा माणूस पाय रोवू शकत नाही. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते, दोन फूट वाहतं पाणी बहुतेक मोटारी वाहून नेतं. रपट्यावरून पाणी चाललं असताना गाडी घालणारे दरवर्षी जातात, ते सगळे पोहता न येणारे नसतात. त्यांना घाई असते. फिनलंडची ती मुलगी सांगत होती, तिकडेही ऐन हिवाळ्यापेक्षा बर्फ धरतानाचे आणि सुटतानाचे दिवस लोकांना जास्त भिववतात.

आणि पाणी नेहमी सांगूनच येतं असंही नाही. याच वर्धा नदीनं 30 जुलै 1991 ला वरच्या अंगाला नरखेड तालुक्यातलं मोवाड गाव धुऊन नेलं. दोनशेच्यावर माणसं गेली. आमच्या बाजूला, देऊरवाड्याच्या काठावरून समोर कौंडण्यपूर दिसतं, रुक्मिणीचं माहेर. तिथं उभं राहून मी नदी पाहिली आहे. मोवाडनंतर आमच्या भागात पाण्याकडे बघायची नजरच बदलली.

माझ्या आजोळचं बेट चार दिवसांचं. खरी पावसाळी बेटं पाहायची तर गडचिरोलीत जायला हवं. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. पर्लकोटेवरचा जुना पूल ठेंगणा. नदी फुगली की तो वर्षानुवर्षं पाण्याखाली जात आला, आणि भामरागडसोबत पलीकडच्या शंभराहून अधिक गावांचा संपर्क तुटत आला. 2019 च्या पावसाळ्यात तर हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा घडलं. जवळच हेमलकसा. आमच्या हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमट्यांनी 1973 मध्ये तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया लोकांत राहायला गेले. सुरुवातीच्या वर्षांत पावसाळ्यासकट जवळजवळ सहा महिने त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध राहत नसे. पेशंट यायचे ते खाटेवर, नाहीतर डोंग्यातून. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली होडी.

अशा मुलखात पावसाळा ही सरकारच्याही वेळापत्रकातली गोष्ट होते. 1995 पासून नवसंजीवनी योजनेखाली दुर्गम गावांत जून ते सप्टेंबरचं धान्य पावसाआधीच पोचवून ठेवायची पद्धत आहे. माझ्या नानीची कणगीच ती, फक्त सरकारी. दुसरी व्यवस्था बाळंतपणाची. आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांजवळ 'माहेरघर' उभी केली आहेत. दिवस भरत आलेल्या बाईनं कळा सुरू व्हायच्या आधीच येऊन तिथं राहायचं, म्हणजे ऐन वेळी नदी आडवी यायला नको. नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याला माझा सलाम. तरीसुद्धा बायका सहजी येत नाहीत, असं तिकडं काम केलेली मंडळी सांगतात. घरी दोन लहान पोरं, दारात गुरं, धानाची रोवणी तोंडावर. ती सगळी बेटावर सोडून आपण एकटीनं काठावर येऊन बसायचं, हे कागदावर सोपं आहे.

कोकणाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्हाला ठाऊक असेल. मुंबईहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचेस पावसाळ्यात बंद व्हायच्या. मार्च 2020 मध्ये मोठी रो-रो बोट सुरू झाली आणि ती पावसातही जाऊ लागली. घारापुरी बेटावर तर समुद्राखालून केबल टाकून 2018 मध्ये वीज पोचली. मच्छीमारांच्या होड्या मात्र अजून शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जातो. समुद्राच्या बंद होण्याला आणि उघडण्याला एक तिथी आहे. आमच्या नाल्याला ती कधी नव्हती. मला वाटतं, माणसाला चार महिन्यांची कैद सोसते, सुटकेचा दिवस ठाऊक असला तर. चार दिवसांची सोसत नाही, तो ठाऊक नसला तर.

आता दोन्हीकडचं गणित बिघडू लागलं आहे. बाल्टिकमधले काही हिवाळे असे गेले की बर्फाचे रस्ते आखताच आले नाहीत. बर्फ नाही म्हणजे होडी चालते, मग वाईट काय, असं मीही त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, वाईट हे की मधले दिवस वाढले. पूर्वी ते हिवाळ्याच्या दोन टोकांना यायचे, आता बर्फ धरतो, सुटतो, परत धरतो. आमच्याकडे चार दिवसांची सलग झड मला हल्ली क्वचित दिसते. चार दिवसांचा पाऊस चार तासांत पडतो आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडं.

आजोळच्या नाल्यावर पुढं पूल झाला. मामू गेले तेव्हा आम्ही आर्वीहून मोटारीनं वीस मिनिटांत पोचलो, मौलवीसाहेबांसकट. गेल्या काही वर्षांपूर्वी पुलावरून पाणी गेलं तर मामेभावाच्या मुलानं मोबाइलवर चित्रफीत पाठवली. दोन्ही काठांवर मोटारसायकलींची रांग, लोक हॉर्न वाजवताहेत, कुणाला हॉर्न वाजवताहेत ते कळत नव्हतं. चार तासांत वाट मोकळी झाली. मी ती अम्मीला दाखवली. तिनं चष्मा पुसून दोनदा पाहिली आणि विचारलं, कब्रस्तान यात कुठं दिसतं का. नव्हतं दिसत.

अम्मी आता ऐंशी ओलांडून गेली. आर्वीत राहतो, किराणा दुकान दारापासून चाळीस पावलांवर आहे. मृग लागला की ती आजही मिठाचे दोन पुडे आणि काडेपेट्यांचं एक बंडल जास्तीचं आणायला सांगते, आणि मी आणून देतो.